कोंबडीच्या पोटातली बोली

चकल्या-करंज्यांचा यथेच्छ समाचार घेतल्यावर ‘आता पोटात काय गोंधळ चालला असेल!’ असे आपण म्हणतो. पण उत्तरासाठी कोणी थांबत नाही. आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका स्नेह्यांमुळे मी थांबू लागलो, आणि पोटाच्या त्या कारभारात मला चक्क माझाच विषय सापडला. भाषेचा!

गोष्ट १९०२ सालची, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातली. बेलिस आणि स्टार्लिंग हे दोघे शास्त्रज्ञ नात्याने मेहुणे. (स्टार्लिंग हे आपल्या साळुंकीच्या कुळातल्या एका पक्ष्याचेही नाव; पण या गृहस्थांनी प्रयोग केला तो कुत्र्यावर.) भूल दिलेल्या कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाचे मज्जातंतू त्यांनी तोडले आणि तिथे आम्ल सोडले. तरीही स्वादुपिंडातून पाचक रस वाहू लागला! तारा तोडल्यावर तार पोचली कशी? आतड्याचे अस्तर खरवडून, आम्लात घोटून, गाळून तो अर्क त्यांनी शिरेत टोचला. पुन्हा रस आला. म्हणजे निरोप रक्तातून जात होता. त्या निरोप्याचे नाव पडले सिक्रेटिन. १९०५ साली स्टार्लिंगने अशा सर्वच निरोप्यांसाठी ‘हार्मोन’ हा शब्द वापरला. आपला ‘संप्रेरक’ मला त्याहून गोड वाटतो. पण तो माझ्या पेशाचा पक्षपात समजावा.

सिक्रेटिन हे पेप्टाइड आहे, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी माळ. हिच्यात मणी २७. मी तिला २७ अक्षरांचा शब्द म्हणतो. आता शब्द आला की प्रश्न आलाच: हा शब्द सगळ्यांना सारखाच कळतो काय?

कोंबडीला विचारून पाहू. तिला दात नाहीत. दाणे आधी गळ्याजवळच्या पिशवीत साठतात. तिथून ते पहिल्या जठरात जातात. तिथे आम्ल आणि पेप्सिन पाझरते. दुसरे जठर म्हणजे जातेच! गिळलेल्या खड्यांच्या मदतीने त्यात दळण होते. शिवाय आतड्यात उतरलेले पीठ अधूनमधून उलटे जात्याकडे ढकलले जाते. आमच्याकडे पीठ जाडसर आले, तर डबा असाच गिरणीत परत जातो. मग आतड्याच्या वळणात वसलेल्या स्वादुपिंडाचा रस त्या पिठाला भेटतो.

हा रस सोडवणारा शब्द कोणता? सिक्रेटिन कोंबडीच्या आतड्यातही आहे. तेही २७ अक्षरांचेच; पण डुकराच्या सिक्रेटिनशी ताडून पाहिले, तर जवळजवळ निम्मी अक्षरे बदललेली! डिमालिन आणि डॉक्रे यांनी १९७९ साली टर्की पक्ष्यावरचे जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत खरा जोर दिसला तो दुसऱ्याच पेप्टाइडचा. त्याचे नाव व्हीआयपी. हे वाचून मंत्र्यांची मोटार डोळ्यांपुढे आणू नये. सैद आणि मट यांना १९७० साली डुकराच्या आतड्यात सापडलेली ही २८ मण्यांची माळ आहे. कोंबडीतल्या आणि डुकरातल्या व्हीआयपीत फरक अवघ्या चार अक्षरांचा. सस्तन प्राण्यांत जे काम सिक्रेटिन दिमाखाने करते, तिथे पक्ष्यांत हुकूम चालतो व्हीआयपीचा.

आणखी एक नमुना पाहा. कोंबडीच्या स्वादुपिंडातून इन्शुलिन शुद्ध करताना किमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाती ३६ मण्यांची एक वेगळीच माळ लागली. ती टोचली की कोंबडीच्या जठरातले आम्ल वाढते. सस्तन प्राण्यांतली तिची बहीण मात्र स्वादुपिंडाचा रस आवरते! हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण आणि मराठीत छडी. हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न आणि आपल्याकडे थट्टा. तसेच हे. एकट्या कुत्र्याला विचारून कोश रचला असता, तर कोंबडीच्या पानावर अर्थाचा अनर्थच झाला असता.

स्नेह्यांना हे सांगितले, तर ते म्हणाले, “मास्तर, अजून गॅस्ट्रिन राहिले.” कोंबडीच्या जठरातून १९८६ साली ३६ मण्यांचे गॅस्ट्रिन वेगळे काढले. त्याची ठेवण सीसीके नावाच्या दुसऱ्याच संप्रेरकासारखी. सीसीकेचे ठरलेले काम स्वादुपिंडाला हाक देण्याचे. हे मात्र जठरातले आम्ल वाढवते, म्हणजे काम गॅस्ट्रिनचेच. असल्या शब्दाला व्याकरणात काय म्हणावे, हे त्यांनी मला विचारले आहे. सुट्टी संपेपर्यंत मुदत मिळाली आहे.