रात्रीची लाईट आणि पेशींचे घड्याळ

आपल्या जिल्ह्यातल्या अणदूरच्या शिवारात शेतकरी रात्री पिकाला पाणी देतो, ते हौसेने नव्हे. कृषिपंपांची थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री येते आणि ती येईल तेव्हा मोटार चालू करून दारं धरायला जावे लागते. त्यातल्या साप-विंचवांची आणि थंडीची चर्चा दर हिवाळ्यात होते. या उलटसुलट जागरणाचे शरीरात काय होते, हे मात्र कोणी विचारत नाही.

फ्रान्समधल्या ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले आणि 2019 मध्ये पुरावे पुन्हा तपासून तोच शेरा कायम ठेवला. ही संस्था आपल्या जिल्ह्याला परकी नाही. मुंबईचे टाटा रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय यांच्यासह तिनेच तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या सुमारे 1 लाख 31 हजार स्त्रियांचा, गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी मोठा अभ्यास केला होता.

शरीराचे मुख्य घड्याळ मेंदूत असते. सुमारे 20 हजार पेशींचा तो पुंजका डोळ्यांत येणाऱ्या उजेडावरून वेळ जुळवतो. शिवाय जवळपास प्रत्येक पेशीत स्वतंत्र घड्याळ असते. एक जनुक प्रथिन बनवते, ते साठले की त्याच जनुकाला थांबवते आणि विरले की जनुक पुन्हा कामाला लागते. हा फेरा सुमारे 24 तासांचा. फळमाश्यांवर काम करून तो उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना 2017 चे नोबेल मिळाले. पेशीने केव्हा विभागायचे, बिघडलेला डीएनए केव्हा दुरुस्त करायचा, यावरही याच वेळापत्रकाचा ताबा असतो. ते विस्कटले तर दुरुस्तीआधीच विभाजन होण्याचा धोका वाढतो. हे घड्याळ-जनुक बिघडवलेल्या उंदरांमध्ये किरणोत्सर्गानंतर गाठी जास्त झाल्याचे 2002 मध्ये दिसले. रात्रीच्या उजेडाने मेलाटोनिन हे संप्रेरकही घटते.

माणसांतला पुरावा इतका सरळ नाही. अमेरिकेतल्या ज्या परिचारिकांनी 30 वर्षांहून अधिक काळ फिरती रात्रपाळी केली, त्यांच्यात स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे एक तृतीयांश जास्त आढळला. 2016 च्या मोठ्या ब्रिटिश अभ्यासात तसे काहीच दिसले नाही. म्हणून तो ‘बहुधा’. शिवाय हा शेरा पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते सांगत नाही. 65 अंशांहून गरम पेयेही याच गटात आहेत, हे चहाबाजांनी लक्षात घ्यावे. तरीही डेन्मार्कने वाट पाहिली नाही. वर्षानुवर्षे रात्रपाळी केलेल्या, स्तनाचा कर्करोग झालेल्या काही स्त्रियांना तिथे 2009 मध्ये भरपाई मिळाली.

परिचारिकेचे आकडे शेतकऱ्याला जसेच्या तसे लावणे चूक ठरेल. ती लखलखीत उजेडात असते, तो अंधारात बॅटरी घेऊन बांधावर. पण झोपेची वेळ सतत बदलणे आणि अवेळी जेवण या गोष्टी दोघांनाही चुकत नाहीत. एवढ्यावरूनही दिवसा वीज ही निव्वळ सोयीची मागणी उरत नाही. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी 2017 पासून असलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेकडे आरोग्याचा खर्च म्हणूनही पाहिले पाहिजे आणि तिची दिरंगाई त्याच मापाने मोजली पाहिजे.

मात्र रात्रीच्या जागरणाची धास्ती घेऊन हातातले खात्रीचे काम मागे पडू नये. आपल्याच जिल्ह्यातल्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाला: एचपीव्ही विषाणूची एकच चाचणी केलेल्या गटात, आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. अणदूरला तर हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावागावांत भारतवैद्य, म्हणजे गावातच आरोग्याचे काम करणाऱ्या बायका, तयार केल्या. आरोग्याची गोष्ट घरोघर नेण्याची वाट इथे आधीच पडलेली आहे. तिशी ओलांडलेल्या स्त्रियांनी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात जरूर करून घ्यावी. आणि डॉक्टरांनी तंबाखूबरोबर रात्रीच्या कामाचीही विचारपूस करून ती केसपेपरवर लिहावी.