९५ मोठं की ९३?

शनिवारी सकाळी साडेआठला फोन वाजला. वीकेंडला इतक्या पहाटे (हो, आमच्यासाठी ती पहाटच!) फोन करणारे दोनच. एक क्रेडिट कार्डवाले आणि दुसरा आमचा हा मित्र. खरं नाव छापलं तर घरी जेवायला बोलावणं बंद होईल, म्हणून आपण त्याला घोडेस्वार म्हणू. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत कोड लिहितो, शनिवार-रविवार गॅरेजमध्ये हात काळे करतो.

"पिस्टन आले!" एवढंच बोलला आणि फोन ठेवला.

थोडा फ्लॅशबॅक. घोडेस्वाराच्या बाबांकडे २००२ सालची होंडा सिटी व्हीटेक आहे. दीड लिटरचं इंजिन, १०६ घोडे. त्या काळी रस्त्यावर तिचा सॉलिड दरारा होता. ज्यांनी ती चालवलीय ते आजही तिच्याबद्दल कॉलेजमधल्या पहिल्या क्रशसारखं बोलतात. दरवर्षी गणपतीला याच गाडीने सगळं कुटुंब कोकणात जातं. गेल्या वर्षी बाबांनी चावी मुलाच्या हातात दिली, आणि चिरंजीवांनी ठरवलं, हिच्यातून दीडशे घोडे काढायचे!

अटी दोन. टर्बो लावायचा नाही आणि रेसिंगचं खास इंधन वापरायचं नाही. नाक्यावरच्या पंपावर मिळेल ते पेट्रोल, आणि सोमवारी त्याच गाडीने ऑफिस.

तुम्ही म्हणाल, टर्बो लाव ना, विषय संपला. पण टर्बो म्हणजे इंजिनाच्या तोंडात पंपाने हवा कोंबणं. त्याशिवायचं इंजिन, म्हणजे 'नॅचरली अॅस्पिरेटेड', स्वतःचा श्वास स्वतः घेतं. पाय दाबला की त्याच क्षणी पिकअप, आणि काटा वर चढत जाताना जो आवाज येतो... त्यासाठी लोक पगार उडवतात. आमचा मित्र त्यातलाच.

आता फंडा क्लिअर करून घेऊ. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. म्हणजे टर्बोशिवाय घोडे वाढवायचे तीनच रस्ते. पहिला, प्रत्येक फेरीत सिलिंडरमध्ये जास्त हवा भरायची. त्यासाठी हेडमधले हवेचे रस्ते घासून मोकळे करायचे, वॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅम टाकायचा, धूर लवकर बाहेर जाईल असे हेडर्स लावायचे. दुसरा, ती हवा जास्त दाबायची, म्हणजे कॉम्प्रेशन वाढवायचं. तिसरा, इंजिन जास्त वेगाने फिरवायचं.

यात वरचा देव आधीच थोडा कट मारतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी. टर्बो नसलेलं इंजिन जेवढी हवा मिळेल तेवढ्यावरच चालतं. म्हणजे एक्सप्रेस-वेने घाट चढून वर आलात की काहीही न बिघडता तुमचे थोडे घोडे पळालेले असतात!

बरं, दीड लिटरमधून दीडशे म्हणजे लिटरमागे शंभर. हा आकडा ऐकायला गोंडस वाटतो. पण होंडाने १९८९ साली जपानमध्ये इंटेग्रा गाडीत पहिलं व्हीटेक इंजिन आणलं तेव्हा नेमका हाच आकडा गाठला होता. १.६ लिटर, १६० घोडे. त्या वेळी साधारण इंजिनं लिटरमागे ७० ते ८० घोडे द्यायची. इंजिनावर काम करणाऱ्या इकुओ काजितानी यांच्या टीमचं आधीचं टार्गेट १४० होतं. होंडा आर अँड डीचे तेव्हाचे प्रमुख नोबुहिको कावामोतो यांनी ते १६० वर नेलं. (बॉस सगळीकडे सारखेच!) आणि हे सगळं करताना इंजिन १५ वर्षं किंवा अडीच लाख किलोमीटर टिकलं पाहिजे, हे बंधन होतंच. आमचा मित्र हेच काम दोन-चार वीकेंडमध्ये करणार होता.

तर, पिस्टन. साहेबांनी एका अमेरिकन इंजिन बिल्डरची रेसिपी उचलली होती. कॉम्प्रेशन ११.५ ला १. रेसिपीत स्पष्ट लिहिलेलं, 'पंपावरच्या ९३ ऑक्टेनवर आरामात चालतं.' आपल्याकडे आता पंपावर जे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं त्याचा ऑक्टेन किमान ९५ ठरवलेला आहे. ९५ हे ९३ पेक्षा मोठं. मग टेन्शन कसलं? पिस्टन ऑर्डर केले, महिन्याचा अर्धा पगार गेला.

मी गॅरेजला पोचले तेव्हा इंजिन खोललेलं होतं. हेड टेबलावर, ब्लॉक खाली, आणि नवे चकचकीत पिस्टन पेपरवर ओळीने मांडलेले. उस्तादांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि एकच प्रश्न विचारला.

"हे त्र्याण्णव कुठलं? आपलं की त्यांचं?"

सन्नाटा.

झालंय असं की ऑक्टेन मोजायच्या पद्धती दोन. 'रिसर्च' पद्धत जरा सौम्य, 'मोटर' पद्धत कडक. एकाच पेट्रोलचा दुसरीतला आकडा कमी येतो. भारतात आणि युरोपात पंपावर पहिला आकडा सांगतात. अमेरिकेत दोन्हींची सरासरी लिहितात. त्यामुळे अमेरिकेतलं ९३ म्हणजे आपल्या हिशोबाने ९८ च्या आसपास! घोडेस्वाराला वाटलं आपण दोन पावलं पुढे आहोत. प्रत्यक्षात तो तीन पावलं मागे होता.

तीन पॉइंटने काय होतं? बरंच काही. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो ना, तसंच हवा दाबली की तापते. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलचा पेशन्स. तापलेलं मिश्रण ठिणगीच्या ज्योतीची वाट बघत किती वेळ शांत राहील, त्याचा आकडा. पेशन्स संपला की उरलेलं मिश्रण एकदम स्वतःहून पेटतं. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. हेच नॉकिंग. नव्या गाड्यांत सेन्सर हा आवाज ऐकतो आणि ठिणगी उशिरा टाकायला लावतो. इंजिन वाचतं, पण मिळवलेले घोडे परत जातात. आणि कोणी ऐकलंच नाही, तर पिस्टन आणि रिंगा फुटतात. मग बाबांच्या गाडीला त्याच नंबरचा ब्लॉक कुठून आणणार?

मोठ्या कंपन्याही या आकड्यापुढे वाकतात. होंडा एस २००० या गाडीचं दोन लिटरचं इंजिन १९९९ साली आलं. जपानमध्ये कॉम्प्रेशन ११.७ आणि घोडे २५०. अमेरिकेसाठी तेच इंजिन ११.० वर आणि घोडे २४०.

"मग शंभर ऑक्टेन टाकू!" घोडेस्वार हार मानायला तयार नव्हता. मिळतं तसं पेट्रोल. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये एक्सपी १०० आणलं, पहिल्या दहा शहरांत मुंबई-पुणेही होते. सुरुवातीलाच दिल्लीत लिटरला १६० रुपये भाव होता. पण पैशांचा प्रश्न बाजूला ठेवा. उस्ताद म्हणाले, "गणपतीला कोकणात जाता ना? तिथल्या प्रत्येक पंपावर हे मिळेल का?" मला वाटतं, त्या दिवसाचं खरं उत्तर हेच होतं. रस्त्यावरची गाडी सगळ्यात चांगल्या पेट्रोलवर कशी पळते याला अर्थ नाही. ती सगळ्यात साध्या पेट्रोलवर, मे महिन्याच्या उन्हात, एसी लावून, फुल फॅमिली बसवून घाट कशी चढते, त्यावर तिचा आकडा ठरवायचा.

मग वही उघडली आणि दोघांनी पुन्हा हिशोब मांडला. कॉम्प्रेशन १०.५ च्या आसपास. कॅम मध्यमच. कारण कॅम आणि कॉम्प्रेशन ही नवरा-बायकोची जोडी आहे, वेगवेगळी निवडली की संसार बिघडतो. वॉल्व्ह उशिरा बंद करणारा मोठा कॅम वरच्या आरपीएमला जबरी हवा भरतो, पण खाली तीच हवा परत बाहेर ढकलली जाते. वाकडच्या सिग्नलला गाडी थरथरणार, क्लच दाबून पाय दुखणार. आणि आपण ऑफिसला जाताना किती वेळ सात हजारांवर असतो हो? बोअर वाढवायचं नाही, कारण सीसी बदलले की आरसीवरच्या माहितीशी मेळ बसत नाही, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तिथेच आडवं येतं. वाचलेले पैसे हेडच्या कामाला, हेडर्सना, नीट ट्यूनिंगला. आणि हो, इथेनॉलसाठी पेट्रोलचे जुने रबरी पाइप आणि सील बदलायला. २००२ ची गाडी या पेट्रोलसाठी बनलेलीच नव्हती. अमेरिकन पिस्टन तोटा सोसून विकले.

दोन महिन्यांनी गाडी सुरू झाली. दीडशे आले का? नाही. किती आले ते घोडेस्वार अजून सांगत नाही, पण मुळशीच्या रस्त्यावर मी शेजारी बसले होते. काटा वर जाताना त्याच्या चेहऱ्यावरचं हसू बघून मी आकडा विचारला नाही. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये त्याने मुद्दाम काच खाली केली. खडे वाजत नव्हते.

रविवारी बाबांनी स्वतः एक राउंड मारला. परत आले, चावी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "टॅपेट चांगले सेट केलेत. अॅव्हरेज किती देते?"

असो! आज घरी जाताना एक काम करा. गाडीच्या पेट्रोलच्या झाकणाच्या आतला स्टिकर किंवा मॅन्युअल वाचा. तुमच्या इंजिनाला किती ऑक्टेन लागतं ते तिथे लिहिलेलं असतं. त्यापेक्षा महागडं पेट्रोल टाकून साध्या इंजिनाचे घोडे वाढत नाहीत. त्या पैशात स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर बदला. आणि कधी परदेशी रेसिपी हाती आलीच, तर उस्तादांचा प्रश्न विसरू नका... आपलं की त्यांचं?