नेपाळची वीज, आपल्या तारा

नोकरीची बरीच वर्षं मी कळव्याच्या भार प्रेषण केंद्रात काढली. तिथे नजर सतत एकाच आकड्यावर असते, फ्रिक्वेन्सीवर. ती ५० हर्ट्‌झच्या खाली सरकू लागली की फोन सुरू होतात. कोयनेला मशीन घ्यायला सांगायचं, कुठला तरी लोड कमी करायचा. पलीकडचा माणूस ऐकेल, हा भरवसा त्या कामात तारांइतकाच महत्त्वाचा.

म्हणून १५ जून २०२५ पासून नेपाळची ४० मेगावॉट वीज आपल्या तारांमधून बांगलादेशात नियमित जाऊ लागली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. कोयना धरणाच्या पायथ्याशी छोटं वीजगृह आहे, जेमतेम तेवढीच ही वीज. पण नेपाळ आणि बांगलादेश यांचा सहकार्य करार २०१८ चा आणि आपल्यासह त्रिपक्षीय करार झाला ३ ऑक्टोबर २०२४ ला. एवढ्याशा विजेला सहा वर्षं लागली, हे मला पटत नाही.

कारण निसर्गानंच इथे हिशेब जुळवून दिला आहे. पावसाळ्यात नेपाळच्या नद्या दुथडी भरतात आणि वीज उरते. त्याच महिन्यांत बांगलादेशात उकाड्यामुळे मागणी चढते. हिवाळ्यात नेपाळच्या नद्या आटतात, तर बांगलादेशाची मागणी बरीच खाली येते. आजचा करार मात्र १५ जून ते १५ नोव्हेंबर एवढाच आणि एकाच दिशेचा. हिवाळ्यात उलटी वीज का जाऊ नये? आपलाही फायदा आहेच. सूर्य मावळला की आपली सौर वीज थांबते आणि नेमकी तेव्हाच मागणी वाढते. त्या तासांना नेपाळचं पाणी हवं.

शेजाऱ्याची ग्रिड पडली तर आपलीही पडेल, ही भीती खोटी नाही. ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य ग्रिड एकत्र कोसळल्या. पण बांगलादेशात, सीमेजवळच्या भेरामाऱ्याला आपल्या भद्रावतीसारखंच एचव्हीडीसी केंद्र आहे. तिथे एसीचा डीसी करून पुन्हा एसी करतात, त्यामुळे वीज पलीकडे जाते पण दोन्हीकडच्या फ्रिक्वेन्सी एकमेकींना ओढत नाहीत. आणि जोडणीचा दुसरा गुणही पाहा: २८ एप्रिल २०२५ ला स्पेन अंधारात गेला, तेव्हा ग्रिड पुन्हा उभी करायला फ्रान्स आणि मोरोक्कोकडून वीज मिळाली.

चिनी भांडवल असलेल्या प्रकल्पांची वीज आपण घेत नाही. त्यामागची चिंता मी हलकी मानत नाही. पण बाकीच्या प्रकल्पांना तरी दर वेळी दिल्लीच्या वेगळ्या मंजुरीसाठी ताटकळत ठेवू नये. वहनाचा दर ठरवावा, रोजचं शेड्यूल तिन्ही देशांच्या प्रेषण केंद्रांनी एकत्र बसून लावावं. भेरामाऱ्याची क्षमता १,००० मेगावॉटच आहे, तेव्हा बिहारमधल्या कटिहारहून बांगलादेशातल्या पार्बतीपूरमार्गे आसाममधल्या बोरनगरला जाणारी, इतके दिवस चर्चेत असलेली ७६५ केव्ही लाइन ढाक्याशी बोलून आता बांधायला घ्यावी.