हंसानंतरची दमयंती

नळ-दमयंती म्हटले की मराठी वाचकाला आधी हंस आठवतो. रघुनाथ पंडितांच्या ‘दमयंतीस्वयंवरा’तला, नळाच्या हाती सापडलेला आणि सुटकेसाठी काकुळतीला आलेला हंस कित्येक पिढ्यांनी शाळेत पाठ केला. राजा रविवर्म्याची, हंसाच्या तोंडून नळाची वार्ता ऐकणारी दमयंती छापील चित्रांमधून घराघरांच्या भिंतींवर गेली. संस्कृतातही बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाचे ‘नैषधीयचरित’ बावीस सर्ग चालते, पण नळाच्या जुगारापर्यंत पोचत नाही. या सगळ्यांनी मिळून आपल्या मनात जी प्रेमकथा रुजवली, ती वरमालेपाशी थांबते. महाभारतातले मूळ नलोपाख्यान मात्र वरमालेपाशी जेमतेम सुरू होते. तिथून पुढे दोघे प्रेमिक वेगळे होतात, दोघांची गोष्ट दोन वाटांनी चालते आणि प्रत्येकाची बाजू आपल्याला त्याच्या किंवा तिच्या शब्दांत ऐकू येते. माझ्या मते खरी प्रेमकथा ही आहे. ती आपण पाठ्यपुस्तकांतून, कीर्तनांतून आणि रंगभूमीवरून जवळजवळ हद्दपार केली, हे आपले मोठे नुकसान आहे.

हे केवळ आवडीनिवडीचे मत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्यातले आरण्यकपर्व, म्हणजेच वनपर्व, वि. स. सुखठणकरांनी संपादित केले आणि ते १९४२ मध्ये पूर्ण झाले. त्यात नळाची कथा पन्नासाव्या अध्यायापासून अठ्ठ्याहत्तराव्यापर्यंत, म्हणजे एकोणतीस अध्याय चालते. हंस, देवांचा दूत होऊन आलेला नळ, स्वयंवर आणि लग्न हे सारे पहिल्या पाच अध्यायांत आटोपते. उरलेले चोवीस अध्याय जुगार, ताटातूट, शोध आणि पुनर्भेट यांचे आहेत. त्यांची रचना पाहण्यासारखी आहे. जुगारात राज्य हरून वनात आलेला नळ दमयंतीला टाकून निघून गेल्यावर कथाकार त्याच्या मागे जात नाही, तो दमयंतीजवळ थांबतो. अरण्य, व्यापाऱ्यांचा तांडा, हत्तींनी तुडवलेला मुक्काम, चेदी देशच्या राजमातेचा आश्रय, इथपर्यंत आपण तिच्याच बरोबर असतो. मग कथा नळाकडे वळते. कर्कोटक नाग त्याला दंश करून कुरूप बाहुक बनवतो आणि तो अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे सारथी म्हणून राहतो. पुन्हा दमयंतीकडे, पुन्हा नळाकडे, आणि शेवटी दमयंतीच्या माहेरी, विदर्भातल्या कुंडिनपुरात, दोघांकडे. ज्याने हे रचले त्याला दोन्ही बाजू सांगायच्या होत्या, याला याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

दोन बाजू सांगणे म्हणजे दोघांना सारखी जागा देणे एवढेच नव्हे. एकाला जे ठाऊक नाही ते वाचकाला ठाऊक असते, आणि त्या अंतरातून दुःख गडद होत जाते. अरण्यातल्या धर्मशाळेची रात्र घ्या. पक्ष्यांनी नळाचे वस्त्र पळवले आहे, दोघांत एकच वस्त्र उरले आहे, आणि दमयंती थकून झोपली आहे. आपण नळाच्या मनात असतो. मी गेलो तर ही कधी तरी माहेरी पोचेल, माझ्यासोबत राहिली तर हिच्या वाट्याला दुःखच येईल, अशी तो स्वतःची समजूत घालतो. वस्त्र अर्धे कापतो, निघतो, परत येतो, तिच्याकडे पाहून रडतो, पुन्हा निघतो. मग ती जागी होते आणि आपण तिच्या मनात शिरतो. तिला आधी वाटते की ही थट्टा आहे. दिसलास रे, त्या झुडपामागे लपला आहेस, असे ती म्हणते. आपल्याला माहीत असते की झुडपामागे कोणी नाही. थोड्याच वेळाने तिला स्वतःपेक्षा त्याची काळजी वाटू लागते, कारण थकल्याभागल्या नळाला आता धीर कोण देणार? ‘ती माहेरी सुखी राहील’ हे नळाचे अनुमान किती पोकळ होते, हे तिचे दोन शब्द ऐकताच कळते. त्याच्या बाजूची खोटी शांती तिची बाजू उघडी पाडते. नळाच्या मनातली घालमेल आपण आधी पाहिली नसती, तर तो आपल्याला नुसता पळपुटा वाटला असता. दमयंतीचा आक्रोश ऐकला नसता, तर तो त्यागी वाटला असता.

मराठीत पुराणकथेला अनेक मुखांनी बोलते करण्याची रीत नवी नाही. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’मध्ये ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कहाणी सांगतात. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये कर्णाबरोबर कुंतीही बोलते, वृषालीही बोलते. या कादंबऱ्यांना मराठी वाचकाने जीव लावला. पण तिथे प्रत्येक पात्र वाचकाशी बोलते, स्वतःची कैफियत मांडते. नळ आणि दमयंती एकमेकांशी बोलतात. मध्ये कित्येक योजने आहेत, एकाला दुसऱ्याचा ठावठिकाणा नाही, तरी संवाद चालूच आहे. अयोध्येच्या घोडशाळेत बाहुक रोज संध्याकाळी एकच श्लोक म्हणतो. भुकेली, तहानलेली, दमलेली ती बिचारी त्या मूर्खाला आठवत आज कुठे पडली असेल, असा त्याचा आशय. सोबतचा जीवल विचारतो, कोणासाठी एवढा शोक करतोस? तेव्हा नळ स्वतःचीच गोष्ट कोणा एका मंदबुद्धी माणसाची म्हणून सांगतो. स्वतःचे नाव घेऊन ती सांगण्याचे बळ त्याच्यात नाही.

तिकडे विदर्भात परतलेली दमयंती शोकात बुडून बसत नाही. ती ब्राह्मणांना देशोदेशी पाठवते आणि प्रत्येक सभेत एकच प्रश्न विचारायला सांगते. माझे अर्धे वस्त्र कापून, झोपलेल्या मला रानात टाकून, जुगाऱ्या, तू कुठे गेलास? हाक विलक्षण आहे. ती प्रेमाची आहे आणि चारचौघांत दोष लावणारीही आहे. ज्याला ती कळेल तोच उत्तर देईल, हे तिला पक्के ठाऊक आहे. पर्णाद नावाचा ब्राह्मण उत्तर घेऊन येतो, आणि ते उत्तर समाधानकारक नाही. कुलीन स्त्रिया संकटातही स्वतःला सांभाळतात, पक्ष्यांनी वस्त्र नेलेल्या दुर्दैवी माणसावर तिने रागावू नये, अशा अर्थाचे बाहुक बोलतो. म्हणजे क्षमा मागण्याऐवजी तो उपदेश करतो. महाभारतकाराने ही पळवाट झाकलेली नाही. ऐकताना वाईट वाटते, पण माणूस ओळखू येतो. दमयंतीलाही तो ओळखू येतो, आणि ती वडिलांना कळू न देता, आईला विश्वासात घेऊन, दुसऱ्या स्वयंवराचा घाट घालते. उद्या सूर्योदयाला दमयंती नवा पती वरणार, असा निरोप फक्त ऋतुपर्णाला जातो. एका दिवसात शंभर योजने रथ हाकणारा सारथी जगात एकच आहे, हा तिचा हिशेब.

पहिल्या स्वयंवरात तिच्यापुढे पाच नळ उभे होते. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम यांनी त्याचेच रूप घेतले होते. घाम, धूळ, कोमेजलेली माळ, लवणाऱ्या पापण्या आणि जमिनीवर पडणारी सावली या मर्त्य खुणांवरून तिने आपला माणूस निवडला. दुसऱ्या वेळी रूप उरलेलेच नाही, समोर एक आखूड बाहूंचा, कुरूप सारथी आहे. तिने रथाचा आवाज ओळखला आहे, पण गच्चीवरून पाहते तर नळ कुठेच नाही. मग ती दासी केशिनीला त्याच्यावर नजर ठेवायला पाठवते. त्याच्या हातचे अन्न मागवून चाखते, मुलांना त्याच्याकडे धाडते. मुलांना पोटाशी धरून बाहुक रडतो. मला वाटते, भारतीय साहित्यात प्रेयसीने प्रियकराला इतक्या संयमाने, इतक्या बुद्धीने आणि इतक्या धडधडत्या काळजाने ओळखल्याचा प्रसंग क्वचितच असेल. हंसाच्या तोंडून ऐकून जडलेले प्रेम हे नळाच्या कीर्तीवरचे प्रेम होते. इथे ती त्याचा अपराध धरून त्याला ओळखते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की नळाच्या अंगात कली शिरला होता. दोष कलीचा, नळ सुटला, मग दोन बाजू कसल्या? पुरुषाला वाचवण्याची ही जुनीच युक्ती आहे, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे मी गांभीर्याने घेतो. पुनर्भेटीत नळ खरोखरच तसे म्हणतो: मी नाही, कलीने केले. शिवाय लगेच उलटा आरोप करतो की पतिव्रता असून तू दुसरा पती कसा वरायला निघालीस? पण कथेने त्याला हे म्हणू दिले म्हणजे कथेला ते पटले असे नाही. जीवलापुढे तो कलीचे नाव घेत नाही, त्या माणसाला मंदबुद्धी म्हणतो. आणखी महत्त्वाचे म्हणजे कली छळला गेला तो दमयंतीच्या शापाने. नळाला ज्याने या दशेला आणले त्याला याहून मोठे दुःख होवो, असे ती अरण्यात म्हणते, आणि पुढे नळाच्या देहातून बाहेर पडताना कली स्वतःच कबूल करतो की तिच्या शापाने आणि कर्कोटकाच्या विषाने आपण आत जळत होतो. नळाच्या सुटकेत तिच्या शब्दाचा असा थेट वाटा आहे. कथेतून कली काढून टाकायची काहीच गरज नाही. त्याला कोणी जेरीला आणले, एवढे सांगायला हवे.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. शेवटी शपथ दमयंतीलाच घ्यावी लागते. वारा, सूर्य आणि चंद्र यांना ती साक्षीला बोलावते, वायू तिच्या शुद्धतेची ग्वाही देतो, मग नळाचा संशय फिटतो. टाकून गेला तो, आणि पुरावा द्यावा लागतो तिला. या कथेत आजची समता शोधणे खोटेपणाचे होईल, आणि मी ते करणार नाही. पण तेवढ्यासाठी ती केवळ पातिव्रत्याचा धडा ठरत नाही. शपथेच्या आधी दमयंतीने नळाची परीक्षा घेतलेली आहे. भगवे वस्त्र नेसून, जटा झालेल्या केसांनी ती त्याच्यासमोर उभी राहते आणि विचारते, बाहुका, धर्म जाणणारा असून झोपलेल्या बायकोला रानात टाकणारा पुरुष तू पाहिला आहेस का? मी त्याचा काय अपराध केला होता? देवांना डावलून ज्याला मी वरले, त्याने अग्नीसमोर दिलेले वचन कुठे गेले? प्रश्न समोरासमोर, संपूर्ण विचारला जातो आणि नळाच्या डोळ्यांत पाणी येते. पतिव्रतेची कथा म्हणून ती सांगणाऱ्यांनी हा प्रश्नच गाळला आहे.

आणि ही कथा कोण कोणाला सांगतो, तेही विसरू नये. बृहदश्व ऋषी ती युधिष्ठिराला सांगतो. युधिष्ठिर जुगारात राज्य, भाऊ आणि द्रौपदी हरून वनात बसला आहे आणि विचारतो आहे की माझ्याहून दुर्दैवी राजा कोणी असेल का? त्याचे सांत्वन करायला नळाची अर्धी कथा पुरली असती: राजा हरला, भटकला, द्यूताचे मर्म शिकला, राज्य परत मिळवले. बृहदश्वाने तसे केले नाही. जुगाऱ्याला त्याने जुगाऱ्याच्या बायकोची बाजूही ऐकवली. द्यूतसभेत द्रौपदीने विचारले होते की स्वतःला आधी हरलेल्याला मला पणाला लावण्याचा अधिकार होता का, आणि थोरामोठ्यांनी भरलेल्या त्या सभेकडून तिला सरळ निवाडा मिळाला नाही. दमयंतीचा प्रश्न सभासभांतून फिरला आणि ज्याला उत्तर द्यायचे होते त्याच्यापर्यंत पोचला. युधिष्ठिराने हे ऐकावे, ही त्या उपाख्यानाची मागणी आहे, असे मी मानतो.

विदर्भाचे कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठचे कौंडण्यपूर, असे परंपरा मानते. रुक्मिणीचे माहेर म्हणून मराठी माणूस ते गाव जाणतो, आणि तिथून रुक्मिणीची पालखी आषाढीला पंढरपूरला जाते. दमयंतीही त्याच मातीतली. तिने केलेला शोध आणि विचारलेला प्रश्न मराठी मुलांना हंसाइतकाच पाठ असायला हवा. पाठ्यपुस्तक मंडळांनी रघुनाथ पंडितांचा हंस जरूर ठेवावा, त्याच्या शेजारी केशिनीचा प्रसंग द्यावा. कीर्तनकारांनी उत्तररंगात स्वयंवराऐवजी एकदा पुनर्भेट लावून पाहावी. नाटककारांना तर इथे दोन मनांचे सगळे साहित्य तयार आहे. महाभारताची मराठी भाषांतरे ग्रंथालयांत मिळतात. वनपर्व काढा आणि दमयंती जागी होते तिथून वाचायला सुरुवात करा.