मारिओंची चित्रं आणि आमच्या गावची पिठाची गिरणी



आमच्या शाळेत दरवर्षी २६ जानेवारीला मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन असतं. झेंडावंदन झालं की पाहुणे व्हरांड्यातून एक चक्कर मारतात, "छान छान" म्हणतात, फोटो काढतात आणि चहाला जातात. पालक मोजकेच येतात. मागच्या वर्षी चौथीतल्या एका मुलीच्या आईला मी विचारलं, "का नाही आलात? तिचं चित्र पहिल्याच ओळीत होतं." ती भाजी विकते. म्हणाली, "बाई, शाळेत यायचं तर आवरून यावं लागतंय. आन् तेवढ्यात गिऱ्हाईक जातंय."

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण नंतर वाटलं, तिचं काय चुकलं? चित्र आपण कुठे लावलं हे आपण ठरवलं, आणि आली नाही म्हणून दोष तिला दिला.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गोव्याला गेलो. पणजीच्या बाजारात काजू घ्यायला शिरलो, तर तिथल्या भिंतींवर मारिओ मिरांडांच्या रेषेतली माणसं! खाली खरा बाजार आणि वर चित्रातली माणसं. लोक पिशव्या सांभाळत त्या चित्रांसमोरून जात होते. कुणी मान वर करत होतं, कुणी नाही. माझा सहा वर्षांचा मुलगा मात्र हलायलाच तयार नव्हता. तिकीट नाही, "हात लावू नका" अशी पाटी नाही, आवाज करू नका असं सांगणारं कुणी नाही.

मारिओंविषयी एक गोष्ट मी वर्गात नेहमी सांगते. त्यांचा जन्म २ मे १९२६ चा, दमणचा; घर गोव्यात लोटलीला. लहानपणी ते घरातल्या भिंतींवर चित्रं काढायचे. आईने काय केलं असेल? आपण काय करतो ते सांगायला नको. त्या माउलीने कोरी वही आणून दिली. पुढे शाळेत पाद्रींची चित्रं काढल्याबद्दल त्यांनी बोलणी खाल्ली ती वेगळीच! चित्रकलेचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलं नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये इतिहास शिकले, जाहिरातीच्या स्टुडिओत काम केलं आणि मग वर्तमानपत्रांतून मिस निंबूपानी, मिस फोन्सेका ही त्यांची पात्रं घराघरांत गेली. घरच्या भिंतीवरून वहीत गेलेली चित्रं पुन्हा भिंतीवर आली, ती मात्र गावाच्या. मुंबईत कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारमध्येही समोरासमोरच्या दोन भिंती त्यांच्या चित्रांनी भरल्या आहेत. एकीवर मुंबईचं जगणं, दुसरीवर कॅफेतलीच गंमत. चहा पिणारा माणूस आपल्यासारख्याच माणसांचं चित्र बघत बसतो.

परदेशातही असं आहे. ब्रुसेल्सच्या स्टॉकेल मेट्रो स्थानकात टिनटिनचे जनक एर्जे यांची १४० हून जास्त पात्रं भिंतीवर आहेत. कच्ची रेखाटनं एर्जेंनी १९८३ मध्ये जाण्याआधी करून ठेवली होती, स्थानक सुरू झालं १९८८ मध्ये. रोज कामावर जाणाऱ्या माणसाला ती फुकट दिसतात.

माझं म्हणणं असं की, व्यंगचित्र आणि चित्रकथा यांना दालनापेक्षा गल्लीच जास्त मानवते. ही कला छापण्यासाठीच जन्मली. शि. द. फडणीस यांची मुखपृष्ठं आपल्या आधीच्या पिढीने कुठे बघितली? दिवाळी अंकावर, आणि तो अंक केस कापायच्या दुकानातल्या बाकड्यावर. नंबर येईपर्यंत माणूस त्या चित्रात काय गंमत आहे ते शोधायचा. त्यात शब्द नसायचे, त्यामुळे वाचता न येणारा आजोबासुद्धा हसायचा. आता त्या बाकड्यावर सगळे मोबाइल बघतात. तिथली भिंत रिकामीच आहे, नाहीतर पानमसाल्याच्या जाहिरातीची.

म्हणून यंदा आम्ही प्रयोग केला. एक सांगून ठेवते, मारिओंच्या चित्रांच्या झेरॉक्स काढून दुकानांत लावल्या नाहीत. कलाकाराच्या निधनानंतर ६० वर्षं त्याच्या चित्रांवर हक्क असतो आणि मारिओ गेले २०११ मध्ये. वर्गात दाखवून शिकवणं वेगळं आणि दुकानाच्या भिंतीवर लावणं वेगळं. आपण शिक्षक यात फार ढिले आहोत. तर मी पुस्तकातली चित्रं वर्गात दाखवली आणि मुलांना सांगितलं, "आता आपला बाजार काढा. एकही माणूस रिकामा उभा नको. प्रत्येक जण काहीतरी करत असला पाहिजे." मुलांनी अशी माणसं काढली की मी थक्क झाले. अशी बारा चित्रं पिठाची गिरणी, सलून, दवाखाना, किराणा दुकान आणि भाजीबाजारातली एक टपरी इथे लावली. मूळ चित्रं शाळेत ठेवून प्रती लावल्या, तेही प्लास्टिकच्या पिशवीत घालून. तरी गिरणीतलं चित्र आठवड्यात पिठाने पांढरं झालं. गिरणीवाले काका रोज फडक्याने पुसायचे.

घोळही झाला. एका मुलाने दुकानदार काढला होता, तराजूच्या पारड्यावर अंगठा दाबलेला. ते चित्र नेमकं किराणा दुकानात गेलं. माझंच लक्ष नव्हतं. दुकानदार संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी. "मॅडम, हे काय शिकवता पोरांना?" मुलगा घाबरून रडायला लागला. चित्र काढून घ्यावं असं मुख्याध्यापकांचं मत पडलं आणि मी काढून आणलं. आजही मला ते पटलेलं नाही. मुलाने पाहिलं ते काढलं. पण त्याच दुकानात त्या मुलाच्या घरची उधारी आहे, हेही मला माहीत होतं. दालनात लावलेल्या चित्राला ही अडचण येत नाही. तिथे चित्रातला माणूस बघायलाच येत नाही. गल्लीत तो चित्रासमोर उभा असतो, आणि त्याच गल्लीत मुलाला रोज राहायचं असतं. ज्यांना हा उपक्रम करायचा असेल त्यांनी कुठलं चित्र कुठे जाणार ते मुलांसोबत बसून आधी ठरवा. मी ते केलं नव्हतं.

भाजीवाल्या ताईंच्या शेजारच्या टपरीवर त्यांच्या मुलीचं चित्र लागलं होतं. चित्रात त्या स्वतः होत्या, एका हाताने पाणी शिंपडतायत आणि दुसऱ्या हाताने शेळी हाकलतायत. बाजाराच्या दिवशी मी मुद्दाम गेले. ताई मेथी निवडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "बाई, शेळी झकास काढलीय. पण माझं नाक एवढं मोठं हाय व्हय?" शेजारची बाई म्हणाली, "हाय की!" मग चार गिऱ्हाइकांनी ताईंचं नाक आणि चित्रातलं नाक ताडून पाहिलं. त्या मुलीने हे सगळं गोणीवर बसून ऐकलं.

किराणा दुकानाच्या भिंतीवर अजून खिळा तसाच आहे. परवा साखर आणायला गेले तेव्हा दुकानदार माझ्याकडे न बघता म्हणाले, "दुसरं काही असेल तर लावा." मुलाला विचारलंय. तो म्हणतो, "बाई, तेच लावू या ना."