कालव्याचे पाणी सरकारचे, विहिरीचे कुणाचे?

प्रति,
अध्यक्ष व सदस्य,
राज्य भूजल प्राधिकरण, महाराष्ट्र

सन्माननीय महोदय,

कालव्याचे पाणी हवे असेल तर अर्ज, पाळी आणि पाणीपट्टी. त्याच शिवारात बोअर पाडून वाटेल तेवढा उपसा केला, तर हिशेब विचारायला कुणी येत नाही. हा भेद कायद्याने घडवला. १८७९च्या मुंबई पाटबंधारे कायद्याने कालव्यांसाठी नदीच्या पाण्यावर सरकारचा हात पडला. १८८२च्या सुविधाधिकार कायद्याने मात्र जमिनीखालचे पाणी जमीनमालकाच्या मर्जीवर सोडले.

मोटेच्या काळात ते खपून गेले, कारण उपशाला बैलांच्या ताकदीची मर्यादा होती. १९७२च्या दुष्काळात पिण्याच्या पाण्यासाठी बोअरची यंत्रे गावोगावी फिरली. पुढे तीच बागायतीसाठी धावू लागली आणि पंपाचे वीजबिल वापरावर नव्हे, तर अश्वशक्तीवर ठरू लागले. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांत आणि मुरमात साठते. ते बांध ओळखत नाही. एकाचा बोअर खोल गेला की शेजाऱ्याची विहीर आटते.

सरकारला हे उमगले नाही असे नाही. १९९३च्या कायद्याने पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरींवर निर्बंध आणले. २००९चा व्यापक भूजल कायदा २०१४मध्ये लागू झाला. त्यात पाणलोटनिहाय नियोजन आहे, खोल विहिरींवर बंधने आहेत. पण शिवारात आजही चालतो तो १८८२चाच न्याय: ज्याची जमीन आणि ज्याच्याकडे बोअरचा पैसा, त्याचे पाणी.

दुसरा न्याय याच मातीत करून पाहिला गेला आहे. पुरंदर तालुक्यातील नायगावला विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता घरातल्या माणसांवर ठरवला. भूमिहीनांनाही हक्क दिला आणि उसाला नकार दिला. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद करून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला.

म्हणून मागणी आहे ती एवढीच. निरीक्षण विहिरींच्या पावसाळ्यानंतरच्या नोंदी रब्बीच्या पेरणीआधी प्रत्येक ग्रामसभेत वाचून दाखवा. पिण्याचे पाणी आधी बाजूला काढून उरलेल्या पाण्यावर पीक ठरवण्याचा गावाचा ठराव बंधनकारक माना. आणि तो मोडणाऱ्यावर कारवाई कोणता अधिकारी करणार, त्याचे पदनाम ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

आपला,
एक विहीर बागायतदार