नोटीस पंधरा दिवसांची, माहिती तीस दिवसांची

आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांची एक सवय फार जुनी आहे. गाळा घेताना आपण भाडे पाहतो, डिपॉझिट किंवा पागडी पाहतो, रस्ता, गिऱ्हाईक, पाणी आणि विजेचा लोड पाहतो. पण ज्या जमिनीवर तो गाळा उभा आहे, तिचा वापर महानगरपालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या दप्तरात काय म्हणून नोंदला आहे, हे शंभरात किती जण विचारतात? आणि मग एके दिवशी दारावर नोटीस चिकटते. तेव्हा धावाधाव सुरू होते. कोणी नगरसेवकाकडे जातो, कोणी वकिलाकडे, कोणी दलालाकडे. प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारतो : "कागद काय आहेत?" आणि कागद नेमके तेच नसतात.

हा हिशेब आकड्यांतच मांडू या. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाडकामांबाबत महत्त्वाचा निकाल दिला. कोणतेही बांधकाम पाडण्यापूर्वी किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी, तीत कारण लिहावे आणि संबंधितांना म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, असे त्यात म्हटले आहे. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी किंवा जलाशय यांवरील अतिक्रमणाला आणि जेथे न्यायालयानेच पाडण्याचा आदेश दिला आहे अशा बांधकामाला हे संरक्षण नाही. निकाल निश्चितच दिलासा देणारा आहे. परंतु माहिती अधिकारात अर्ज केला तर उत्तर देण्यासाठी कार्यालयाला तीस दिवस मिळतात. म्हणजे नोटीस आल्यावर अर्ज करणाऱ्याच्या हाती कागद पडेपर्यंत म्हणणे मांडण्याची मुदत संपलेली असू शकते. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, जमीन वापराचा आणि झोनचा कागद संकट आल्यावर नव्हे, धंदा सुरळीत चालू असताना मागितला पाहिजे. तो दुकानाच्या कुलपाइतकाच आवश्यक आहे.

येथे मोठा गैरसमज असतो. "माझ्याकडे गुमास्ता आहे, घरपट्टीची पावती आहे, वीज मीटर आहे, मग भीती कसली?" असे अनेक जण म्हणतात. गुमास्ता म्हणजे दुकान चालविणाऱ्याची नोंद. घरपट्टी म्हणजे कर. कर अनधिकृत बांधकामावरही आकारला जातो आणि कर भरल्याने बांधकाम अधिकृत ठरत नाही. सातबारा आणि मालमत्ता पत्रक जमिनीचा हक्क कोणाचा ते सांगतात. त्या जमिनीवर बेकरी, फॅब्रिकेशन, लाकूडकाम किंवा यंत्रमाग चालविता येतो की नाही, याचे उत्तर मंजूर विकास आराखड्यात आणि विकास नियंत्रण नियमावलीत असते. मुंबईसाठी ही नियमावली वेगळी आहे. राज्याच्या बहुतेक भागासाठी डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित नियमावली लागू झाली. जमीन महसूल संहितेत २०१४ पासून झालेल्या दुरुस्त्यांमुळे आराखड्यातील जमिनीला पुष्कळ ठिकाणी स्वतंत्र बिनशेती परवानगीची गरज उरली नाही. त्यामुळे झोनच्या नोंदीचे वजन उलट वाढले आहे.

मग मागायचे काय आणि कोठे? सर्वप्रथम नगररचना विभागात झोन दाखला आणि भाग नकाशा यांसाठी अर्ज करावा. गट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे नंबर अचूक लिहावा, कारण दप्तर दुकानाच्या पाटीवरून नव्हे, नंबरावरून शोधले जाते. दाखल्यावरून रहिवास, वाणिज्य, औद्योगिक की हरित विभाग, हे समजते. नकाशावरून रस्तारुंदीकरणाची रेषा आणि शाळा, उद्यान यांसारखे आरक्षण दिसते. ही नेहमीची सेवा आहे. त्यासाठी माहिती अधिकाराची तलवार उपसण्याचे कारण नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवांची यादी, फी, मुदत आणि अपिलाचे अधिकारी यांचा फलक कार्यालयात लावणे बंधनकारक आहे. फलक वाचावा, अर्ज द्यावा, पोच घ्यावी. मुदत टळली तर अपील करावे.

माहिती अधिकार कायदा, २००५ कामी येतो तो पुढच्या कागदांसाठी. इमारतीचा मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, वापर बदलाचा आदेश, पूर्वी दिलेल्या नोटिसा आणि त्यांवर झालेली कार्यवाही, हे सारे फायलीत असते. महाराष्ट्रात अर्जाची फी दहा रुपये आहे. कोर्ट फी स्टॅम्प लावूनही ती भरता येते. एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर दीडशे शब्दांत बसावा, असा राज्याचा नियम आहे. कायदा कार्यालयाकडे असलेला कागद देण्यास सांगतो, अधिकाऱ्याचे मत नव्हे. म्हणून "आमच्यावरच अन्याय का?" असे लिहू नये. "सि. स. नं. अमुक, या मिळकतीचा मंजूर बांधकाम नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि आजपर्यंत दिलेल्या सर्व नोटिसांच्या प्रमाणित प्रती द्याव्यात; फाईल पाहण्याची तारीख कळवावी" एवढे पुरे. फाईल प्रत्यक्ष पाहण्याचा अधिकारही याच कायद्यात आहे आणि पुष्कळदा प्रतींपेक्षा फाईल पाहणेच अधिक उपयोगी पडते. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याचे बंधन नाही. नकार आला तर तो कोणत्या कलमाखाली, हे लेखी मागावे. तीस दिवसांत उत्तर आले नाही तरी तो नकारच समजून पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील करावे. त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. अर्ज नागरिकाच्या नावाने करावा. बाजार संघटनेच्या शिक्क्यावर केलेला अर्ज नाहक अडकतो, कारण कायद्याने हा अधिकार नागरिकाला दिला आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो खोटा नाही. "आपण विचारायला गेलो तर आपलेच प्रकरण उघडे पडेल. झोपलेल्याला कशाला जागवायचे?" भिवंडी-मालेगावसारख्या शहरांत घर आणि माग एकाच भिंतीआड आहेत. तेथे ही भीती समजण्यासारखी आहे. पण जरा विचार करा. जो कागद आपण मागतो तो कार्यालयाच्या कपाटात आधीच आहे. तो न मागितल्याने बदलत नाही. अज्ञानात राहतो तो फक्त आपण. उत्तर प्रतिकूल आले तरी हाती वेळ असतो. वापर बदलाची किंवा बांधकाम नियमित करण्याची शक्यता तपासता येते, मालकाशी भाडेकरार नव्याने बोलता येतो, नवी यंत्रे घेण्यापूर्वी औद्योगिक जागा शोधता येते. ज्या गाळ्यावरून उद्या रस्त्याची रेषा जाणार आहे त्यात आयुष्यभराची कमाई ओतणे, हे धाडस नव्हे, नुकसान आहे.

केवळ आपल्या गाळ्यापुरते पाहूनही भागणार नाही. विकास आराखडा किमान वीस वर्षांतून एकदा सुधारला जातो. त्यापूर्वी विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होतो. आज कोठे काय चालते, ते त्यात नोंदले जाते. या नकाशात ज्या गल्लीतील कारखाने दिसले नाहीत, त्यांच्यासाठी नव्या आराखड्यात जागा कशी राहील? मुंबईचे उदाहरण ताजे ठेवावे. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रारूप आराखड्यात नागरिकांनी चुकांवर चुका दाखवून दिल्या. हजारो हरकती दाखल झाल्या आणि एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांना तो नव्याने करण्याचा आदेश द्यावा लागला. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आले. हे घडले ते लोकांनी नकाशे मागितले, आपला भाग त्यांवर शोधला आणि मुदतीत लिहून दिले म्हणून. नुसत्या घोषणांनी एकही रेषा हलली नसती. दोन आराखड्यांच्या मधल्या काळातही एखाद्या भूखंडाचा झोन फेरबदलाने बदलू शकतो. त्याची सूचना राजपत्रात प्रसिद्ध होते आणि हरकतीला मुदत एक महिन्याची असते. ती वाचणारे आपल्या बाजारात कोणी आहे काय?

म्हणून प्रत्येक मोहल्ल्यातील व्यापारी मंडळाने एक साधी फाईल तयार करावी. बाजारातील मिळकतींचे नंबर, झोन दाखले, भाग नकाशे, मंजूर नकाशांच्या प्रती, केलेल्या अर्जांच्या पोच, सगळे एका जागी. वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या दोन तरुणांवर हे काम सोपवावे. त्यांनी महिन्यातून एकदा नगररचना विभागाचा फलक आणि वर्तमानपत्रांतील जाहीर सूचना पाहाव्यात. खर्च म्हणाल तर चहापाण्याइतका.

नव्वदच्या दशकात सामान्य दुकानदाराला फाईल पाहायची असेल तर ओळख लागत असे, नाहीतर पाकीट. २००२ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली देशाने हा अधिकार कायद्याने दिला. तरीही आपण दलालाच्याच दारात उभे राहणार असू, तर दोष केवळ कार्यालयाला देता येणार नाही. या महिन्यात आपल्या गाळ्याचा सिटी सर्व्हे नंबर शोधा, झोन दाखल्याचा अर्ज द्या आणि पोच जपून ठेवा. पंधरा दिवसांची नोटीस येईल तेव्हा तीस दिवसांचे काम आधीच झालेले असले पाहिजे.